गोळी खाली जातेय

९ मार्च

नेमबाजाने रोज वही लिहावी, असा उस्तादांचा दंडक आहे. स्कोअर, हवा, झोप, चुका. त्यांना दाखवते ती वही वेगळी. ही माझी.

आज सगळ्या गोळ्या खाली. विखुरल्या असत्या तर स्वतःला चार शिव्या घातल्या असत्या आणि घरी आले असते. पण छान एका जागी, बशीएवढ्या गोलात, काळ्या वर्तुळाच्या पार तळाशी. एका जागी पडतात म्हणजे हात स्थिर आहे. हात स्थिर आणि गोळी खाली, म्हणजे पिस्तूल खोटं बोलतंय.

उस्तादांनी मागची साईट, म्हणजे नेम धरायची खाच, थोडी वर घ्यायला लावली. घेतल्यावर गोळ्या मध्यावर आल्या. निवड चाचणी ऑगस्टमध्ये आहे. नखरे करायचेच होते तर पिस्तुलाने आत्ताच केले हे बरं झालं.

१७ मार्च

पुन्हा खाली. साईट पुन्हा वर.

नवरा म्हणाला, "स्क्रू सैल असेल." तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जगात बिघडलेली प्रत्येक गोष्ट स्क्रूपाशी येऊन थांबते असं त्याचं ठाम मत आहे. त्याने स्वतः साईटचा स्क्रू भिंगाखाली धरून पाहिला आणि हिरमुसला. स्क्रू घट्ट होता.

२ एप्रिल

नळी आतून घासून पुसून लख्ख केली. गोळ्यांचा डबा बदलला, दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. पहिल्या दहा उत्तम. त्यानंतर एकेक पायरी उतरत गेल्यासारख्या खाली, खाली, खाली. गरम झाल्यावर नळी वाकते की काय? उस्ताद हसले. एवढ्याशा गोळीने नळी वाकत नाही म्हणे, तोफ आहे का ती.

मी कामाला असते त्या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या औषधाची बाटली हातातून सुटली. काउंटरखाली चिकट तळं. मालक म्हणाले, "नेमबाज बाई, फरशीवर नेम धरला होता का?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. काच चिकट होती, दुसरं काय.

१९ एप्रिल

आज उस्तादांनी पिस्तुलाची उलटतपासणी घेतली. आधी वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून मला झाडायला लावलं. पाचही काळ्यात. मग स्वतः उभे राहिले, एक हात खिशात, आणि माझ्याच पिस्तुलातून पाच गोळ्या मारल्या. त्यांना चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही. चार दहात, एक नवात. तीही वरच्या बाजूला, कारण साईट मी वर चढवून ठेवली आहे.

"पिस्तुलाला काही झालेलं नाही," म्हणाले.

मी म्हटलं, तुमचा पंजा म्हणजे फावडं, त्यात कुठलंही पिस्तूल गप्प बसेल. त्यांनी टार्गेटचा कागद घडी करून माझ्या हातात ठेवला.

घरी येताना तो कागद फाडून टाकला. पिस्तूल सगळ्यांशी खरं बोलतं आणि माझ्याशीच खोटं, हे मला कसं पटावं?

५ मे

सापडलं असं वाटतंय. मूठ सैल झाली आहे. लाकडी मूठ, माझ्या हाताच्या मापाने कोरून घेतलेली, पूर्वी हात आत सरकवला की दार लागल्यासारखं वाटायचं. आता अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फट राहते. लाकूड आटतं, हे कुणालाही कळेल. सुताराकडून लांबी, म्हणजे लाकडात भरायचा लगदा, आणून फट भरली.

सासूबाईंनी ब्लाउजची बटणं काढून हुक लावून दिले. न विचारता. म्हणाल्या, "तुला सकाळी घाई असते." बटणं लावायला मला हल्ली वेळ लागतो हे त्यांनी दाराआडून मोजलं असणार. त्यांना मोजायची सवय आहे, आयुष्यभर नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकिटं विकली. मला राग आला. थोडा. मी काय लहान आहे?

२३ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

उस्ताद म्हणाले, आज मॅगझिन मी भरणार. भरलं आणि दिलं. दोन गोळ्या सुटल्या, तिसरीला नुसताच कट्‌ असा आवाज. गोळी पोकळ होती. ही जुनी युक्ती आहे, मी स्वतः नवख्या मुलींवर करते. धक्क्याला घाबरणारा माणूस धक्का यायच्या आधीच हाताला हिसका देतो, म्हणून गोळी खाली जाते. गोळी पोकळ निघाली की हिसका उघडा पडतो. मला अपमान वाटला. इतक्या वर्षांनी मी धक्क्याला घाबरते?

त्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा. कधी खरी, कधी पोकळ. ते टार्गेटकडे बघतच नव्हते, माझ्या मनगटाकडे बघत होते.

शेवटी म्हणाले, "हिसका नाही."

मी म्हटलं, "मी सांगत होतेच."

"हिसका असता तर बरं झालं असतं." मग पाठमोरे होऊन मॅगझिनमधल्या उरलेल्या गोळ्या काढू लागले. "नळी खाली बसते गं. ट्रिगर दाबायच्या आधीच. दमलेला माणूस जिन्यात बसतो तशी. तू डॉक्टरला दाखव."

दमलेला माणूस म्हणजे काय? मी दमत नाही. मनगटाचे व्यायाम वाढवते. वाळूची बाटली घेऊन सकाळ-संध्याकाळ.

३ जून

वाळूच्या बाटलीने हात आणखी गळून जातो. डॉक्टरकडे जायला मला सवड नाही, चाचणी तोंडावर आली.

नवरा विचित्र वागतोय. पिस्तुलाची पेटी उचलून क्लबच्या दारापर्यंत येतो. रस्त्यात माझ्या उजव्या बाजूने चालतो. डब्यांची झाकणं उघडून नुसती वर ठेवतो, जेणेकरून मला ती फिरवावी लागू नयेत. मी खोलीत शिरले की मोबाईल पालथा घालतो. याने काहीतरी मोठं मोडलंय किंवा कुणाला तरी शब्द देऊन बसलाय. विचारलं तर म्हणाला, "काही नाही, मॅच बघत होतो." मॅच बघणाऱ्याचे डोळे असे लाल नसतात.

११ जून

मूठवाल्याकडे गेले. गल्लीच्या टोकाला त्याचं अरुंद दुकान, आत भिंतभर फळीवर प्लास्टरचे हात मांडलेले. जो नेमबाज मूठ करून घेतो त्याच्या हाताचा साचा तो टाकत नाही. माझाही तिथे होता, मनगटावर खिळ्याने नंबर कोरलेला.

लांबी भरलेली मूठ बघून तो दुखावला. "लाकूड आटत नाही बाई. पाच वर्षं वाळवलेलं अक्रोडाचं आहे." मग त्याने ओली माती पुढे ठेवली, मी हात दाबला, आणि त्या ठशात त्याने प्लास्टर ओतलं. जुना साचा आणि नवा साचा शेजारी शेजारी ठेवून तो वाकून बघत बसला. अंगठ्याच्या बेचक्यात जुन्या साच्यावर एक भरीव गोटी आहे. नव्यात तिथे खड्डा. बोट ठेवलं तर बोट आत जातं.

"मूठ तुमचीच आहे," तो म्हणाला. "हात तुमचा नाही."

मला इतकं हलकं वाटलं की तिथेच स्टुलावर बसले. म्हणजे कारण हातात होतं आणि मी पिस्तुलात शोधत होते. मार्चपासून वजन उतरलंय, हात बारीक झाला, मूठ सैल झाली, गोळी खाली. एवढंच. नवी मूठ कोरायला दिली. घरी जाताना नवऱ्याला फोन करून सांगितलं, सापडलं एकदाचं. पलीकडून तो मग म्हणाला, "छान. आता तरी डॉक्टरकडे येशील?" मी खुशीत होते, हो म्हटलं.

१५ जून

डॉक्टरांनी हातोडीने कोपर, गुडघे ठोकून पाहिले. मान वळवायला लावली. मानेतली नस दबली असावी म्हणाले. पट्टा बांधा, व्यायाम करा, फोटो काढून बघू. मान! दुकानात उभं राहून सगळ्यांचीच मान धरते. नवऱ्याने डॉक्टरांना तीन वेळा विचारलं, "मानच ना? नक्की मानच ना?" बाहेर आल्यावर त्याने मला चक्क मिठी मारली, भर पार्किंगमध्ये.

२८ जून

नवी मूठ. हात आत गेला, दार लागलं. पहिल्याच मालिकेत तीन दहा. उस्तादांनी पाठीवर थाप मारली.

रात्री जेवताना सासूबाईंना म्हटलं, आई, निवड झाली की पुढच्या वर्षी घरात पाळणा आणू. त्यांनी आजवर हा विषय एकदाही काढलेला नाही. ताट घेऊन उठल्या, म्हणाल्या, "पाळणा काय, आधी तू नीट जेव."

१४ जुलै

नवी मूठही सैल.

२१ जुलै

डोळा लवतो तसा माझा दंड लवतोय. कातडीखाली काहीतरी वळवळतं, थांबतं, पुन्हा वळवळतं. रेंजवर खुर्चीत बसून मी त्याच्याकडे बघत होते. मी काही करत नाही, तोच करतो. मानेच्या फोटोत फारसं काही निघालं नाही. पट्टा तरी बांधतेच आहे.

मनातलं लिहिते. आज पहिल्यांदा वाटलं की पिस्तुलात बिघाड असावा, अशी मी अजून प्रार्थना करते आहे. मोडलेलं पिस्तूल बदलता येतं.

१० ऑगस्ट

चाचणी झाली.

पहिल्या तीस गोळ्या कशाबशा. साईट इतकी वर चढवली होती की आणखी फिरायला जागा उरली नव्हती. शेजारच्या जागेवर बँकवाली होती, बँकेत काम करते म्हणून बँकवाली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मीच तिला उभं राहायला शिकवलं. ती शांतपणे दहा मारत होती.

मग हात वर जाईना. म्हणजे गेला, टार्गेटपर्यंत पोहोचला, आणि तिथे थांबायच्या ऐवजी खाली यायला लागला. मी थांब म्हणत होते. आमच्या खेळात दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही, एकच हात. मी त्या हाताला डोक्यातून हुकूम देत होते आणि तो परक्याच्या मुलासारखा ऐकल्या न ऐकल्यासारखं करून उतरत होता. काळं वर्तुळ साईटमधून वर निघून गेलं. मग पांढरा कागद, मग टार्गेटची चौकट, मग जमीन, मग माझ्यासमोरचं टेबल. नळी टेबलाला टेकली तेव्हा टक असा बारीक आवाज झाला.

मॅगझिन काढलं. नळी रिकामी आहे हे दाखवलं. डावा हात वर करून पंचांना सांगितलं, मी थांबते.

उस्ताद मागे भिंतीला टेकून उभे होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "सुरक्षित थांबलीस. पंचांनीही कौतुकाने नाव घेतलं." दुसरं काय बोलणार. बँकवालीची निवड झाली. तिने मला मिठी मारली, तेव्हा तिच्या पाठीवर ठेवायला मी उजवा हात उचलला आणि तो कमरेशीच राहिला.

२ सप्टेंबर

मोठ्या इस्पितळात सुया टोचून तपासणी केली. स्नायूत सुई, सुईला तार, तारेला यंत्र. यंत्रातून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. उजवा हात, मग डावा, मग पाय. पाय कशाला, असं विचारलं. तपासणारी बाई म्हणाली, "सगळीकडे बघायचं असतं." आवाज पायातही तसाच होता. मी दुकानात औषधं विकते, डॉक्टर नाही, पण आवाज तसाच होता एवढं मलाही कळलं.

९ सप्टेंबर

नसांच्या डॉक्टर बाईंनी दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. मेंदूतून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतायत, म्हणाल्या. का, ते माहीत नाही. थांबवता येत नाही. हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे त्यांनी दिलासा दिल्यासारखं सांगितलं.

नवरा म्हणाला, "म्हणजे मोटर ठीक आहे, कंट्रोलची वायर गेली." मग स्वतःच्याच बोलण्याने हबकला आणि चिठ्ठीच्या कागदाकडे बघत राहिला. मी त्याला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" म्हणाला, "मोबाईलवर वाचलं होतं. मान निघाली तेव्हा वाटलं, आपण मूर्ख आहोत."

म्हणजे त्या दिवशी पार्किंगमध्ये त्याने त्यासाठी मिठी मारली.

१० सप्टेंबर

चिठ्ठीवरचं औषध आमच्या दुकानात आहे. फार चालत नाही, मागच्या कपाटात असतं. ते फक्त एकच गिऱ्हाईक घेत असे, एक गृहस्थ, बायकोसाठी. आधी बायको स्वतः यायची. मग हे आले. पुढे आले ते गोळ्या कुटून पाण्यात देता येतील का विचारायला. मग नाही आले. मालकांनी उरलेली पाकिटं परत पाठवायला ठेवली होती, ती अजून तिथेच आहेत.

मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून स्वतःला ते औषध दिलं. पाकीट मालकांनी कापून दिलं. आज कुणी विनोद केला नाही.

४ ऑक्टोबर

अक्षर लहान मुलासारखं मोठं होतंय. पेन पहिल्या दोन बोटांत राहत नाही, मुठीत धरते.

नवरा झोपला की मी हिशेब करते, आधी काय जाईल. चमचा, केस विंचरणं, जिना, त्याचं नाव उच्चारणं. डोकं शाबूत. यापेक्षा डोकं आधी गेलं असतं तर काय बिघडलं असतं? हे वाक्य त्याला कधीच सांगणार नाही. सासूबाईंनाही नाही. त्या आता मला भरवतात आणि भरवताना जुन्या नाटकांतले प्रवेश म्हणून दाखवतात, दोन्ही आवाजांत. मी हसते. हसता हसता घास चुकीच्या नळीत जातो, मग त्यांचा चेहरा बघवत नाही.

मला मरायची भीती वाटते. त्याहून जास्त, मधल्या काळाची.

२६ ऑक्टोबर

पिस्तूल बँकवालीने घेतलं. तिचा हात माझ्याहून मोठा, म्हणून नवऱ्याने मला गाडीत बसवून मूठवाल्याकडे नेलं. अक्रोडाची जुनी मूठ पुन्हा बसवायची आणि तिच्या मापाने कोरायची होती. मूठवाला म्हणाला, तुम्ही कशाला आलात. मी म्हटलं, बघते.

त्याने ती शिकंज्यात धरली आणि कानस चालवायला सुरुवात केली. अंगठ्याची खोबण गेली. मग मधल्या बोटाची. बारीक तपकिरी भुसा त्याच्या मांडीवर पडत होता. मध्येच थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मानेने चालू दे म्हटलं. मान अजून हलते.

बँकवालीने हात आत घालून पाहिला. "बसतोय," एवढंच म्हणाली. तिला माझ्याकडे बघता येत नव्हतं. मी तिला सांगितलं, गोळी खाली जायला लागली तर साईटला हात लावू नकोस, आधी मनगट बघ. हेच शिकवायचं राहिलं होतं.

८ डिसेंबर

आजपासून मी सांगते आणि नवरा लिहितो. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, असं ठरलं आहे. मागची पानं वाचायची नाहीत, हेही ठरलं आहे. हो म्हणालाय.

हवा चांगली आहे. खिडकीशी खुर्ची ठेवली आहे. आईंनी सकाळी शाल दिली. उस्ताद येऊन गेले, बँकवालीचा स्कोअर सांगितला, चांगला आहे. जेवण बेताचं, पण गेलं. ठसका लागला नाही. एकदाच लागला. नको, ते खोड. बरं, राहू दे.

झोप चांगली लागते. रात्री मी जागी नसते. सगळे माझं फार करतात. भीती वाटत नाही, असं लिही.

लिहिलंस? मग पेन का थांबलं?